उरल्या वेळेतले अडीच गुंठे

परसात चार वाफे करावेत, मेथी-कोथिंबीर टाकावी, कुंपणावर दुधीचा वेल चढवावा, असे ज्याला कधी वाटले नाही असा गृहस्थ विरळाच. वाटूनही ज्याच्या हातून ते झाले नाही, असे गृहस्थ मात्र घरोघर सापडतील. कारण विचारा, जागा नाही हे पहिले उत्तर. जागा असली तर वेळ नाही हे दुसरे. आणि वेळही कसाबसा काढला, तर दिवसभर राबून आल्यावर अंगात त्राण उरत नाही, हे तिसरे आणि बहुधा खरे उत्तर. ही तिन्ही उत्तरे आजकालची नव्हेत. इंग्लंडात दोनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न निघाला, त्यावर पार्लमेंटात वाद झडले, कायदे झाले, एकदा तर एक मंत्रिमंडळही त्यापायी कोसळले. त्या प्रश्नाची ही हकीकत.

इंग्लंडात गावाच्या कडेला, रेल्वेच्या रुळांलगत, जुन्या गिरण्यांच्या मागे एक देखावा आजही दिसतो. एखादे शेत उभ्याआडव्या पायवाटांनी पट्ट्यापट्ट्यांत विभागलेले असते. एका पट्ट्यात कोबी आणि बटाटे, शेजारच्यात कांदे आणि काठ्यांवर चढवलेला घेवडा, कोपऱ्यात जुन्या दारांच्या फळ्या ठोकून केलेली खोपटी. ही कुणाच्या घरामागची परसे नव्हेत. लावणाऱ्याचे घर दूर कुठेतरी गल्लीत असते. जमीन गावसभेची, नगरपालिकेची किंवा एखाद्या जमीनदाराची. तो वर्षाचा खंड भरतो आणि आपला तुकडा कसतो. याला तिकडे ‘ॲलॉटमेंट’ म्हणतात, म्हणजे वाटून दिलेला तुकडा. शहरातल्या तुकड्याचे रूढ माप दहा रॉड, म्हणजे ३०२.५ चौरस यार्ड. आपला गुंठा १२१ चौरस यार्डांचा. भागून पाहा, बरोबर अडीच गुंठे येतात.

कुंपणे आणि तुकडे

अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढील शंभर वर्षांत पार्लमेंटने जमिनीला कुंपणे घालण्याचे हजारो कायदे केले. त्यापूर्वी गावोगाव सामायिक कुरणे आणि पडीक राने असत. गरिबाची गाय तेथे चरे, त्याच्या घरचे सरपण तेथून येई. कुंपणे पडली, जमीन मोठ्या शेतकऱ्यांच्या आणि जमीनदारांच्या नावे झाली, आणि ज्याच्यापाशी हक्काचे चार दोन आधार होते तो माणूस निव्वळ मजूर झाला. शेती सुधारली, धान्य वाढले, हे खरे. पण ज्याने ते पिकवले त्याच्या घरात भाकरीची भ्रांत पडली. १७९५ साली धान्य इतके महागले, की मजुराला जमिनीचा लहानसा तुकडा तरी द्यावा, असे काही विचारी लोक बोलू लागले.

विल्टशरमधील ग्रेट सॉमरफर्ड या गावची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगतात. तेथील धर्मोपदेशक स्टीफन डेमेनब्रे हे राजाच्या क्यू येथील वेधशाळेचेही काम पाहत. ताऱ्यांकडे पाहणाऱ्या या गृहस्थांची नजर गावातल्या चुलींकडेही होती. गावच्या जमिनीला कुंपण पडणार असे दिसताच त्यांनी तिसऱ्या जॉर्ज राजाकडे रदबदली केली, आणि १८०९ च्या सुमारास गरिबांसाठी काही जमीन कायमची बाजूला काढून घेतली. त्या बागा आजही आहेत.

पण असे डेमेनब्रे गावोगाव कुठून असणार? १८३० च्या शरद ऋतूत केंट परगण्यात मजुरांनी मळणीयंत्रे फोडायला सुरुवात केली, आणि दंग्याचा वणवा दक्षिण इंग्लंडभर पसरला. हिवाळ्यात हाताने मळणी करून मजुराचे चार महिने निघत. यंत्राने तेही हिरावून घेतले होते. दंगे मोडून काढण्यात आले. १९ जण फासावर गेले, सुमारे ४८० जणांना समुद्रापार हद्दपारीवर धाडण्यात आले. मात्र या धक्क्याने पुष्कळ जमीनदारांना जाग आली. दयेने म्हणा, भयाने म्हणा, १८३० नंतरच्या दशकात गावोगाव तुकडे वाटले जाऊ लागले.

ताकद कोणाची?

येथूनच आपल्या मूळ विषयाला तोंड फुटते. तुकडे देण्याला सर्वांत मोठा विरोध कोणाचा होता? जमीनदारांचा नव्हे, त्यांना खंड मिळत होता, आणि तो मोठ्या शेतकऱ्याकडून एकरी मिळे त्याहून पुष्कळदा अधिकच असे. विरोध होता तो मजुरांना कामाला लावणाऱ्या शेतकऱ्यांचा. त्यांचे म्हणणे सरळ होते. मजुराला स्वतःची जमीन मिळाली, तर तो आमच्या शेतात अंग चोरील आणि आपली ताकद संध्याकाळसाठी राखून ठेवील. बियाणे आणि खत आमचे चोरील, ही दुसरी धास्ती. आणि पोटाला थोडा आधार झाला, की तो पूर्वीसारखा आमच्या मुठीत राहणार नाही, ही तिसरी; ती मात्र हळू आवाजात बोलली जाई.

या धास्तीतून नियम जन्माला आले. गावोगावच्या जुन्या नियमावल्या चाळल्या, तर त्यांत पिकांपेक्षा माणसाचाच बंदोबस्त अधिक दिसतो. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत मालकाच्या परवानगीवाचून तुकड्यावर पाऊल ठेवायचे नाही. रविवारी काम करायचे नाही; त्या दिवशी देवळात हजर राहायचे. नांगर लावायचा नाही, कुदळ-फावड्यानेच खणायचे. चोरी किंवा दारूबाजी केली, की तुकडा गेला. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम आकाराचा. पाव एकर, फार तर अर्धा एकर, त्यापुढे नाही. मजूर आणि त्याचे कुटुंब फावल्या वेळात जेवढे कसू शकेल तेवढीच जमीन त्याला द्यावी, म्हणजे मजुरी सोडून तो स्वतंत्र शेतकरी होऊ लागणार नाही, असा हा हिशेब.

आता या हिशेबाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. दिवस बारा तासांचा, तो मालकाचा. रविवार देवाचा. रात्र अंधाराची. मग मजुराच्या वाट्याला आले काय? संध्याकाळचा एखादा तास, आणि खणून, कापून, ओझी वाहून अंगात जी काही धुगधुगी राहील ती. जमीन मोजली गेली ती त्या उरलेल्या ताकदीच्या मापाने. माणसाच्या श्रमाचा मोबदला पैशात मोजल्याची उदाहरणे इतिहासात हवी तेवढी आहेत. येथे त्याचा थकवाच जमिनीच्या चौरस यार्डांत मोजला गेला.

कायद्याचे औदार्यही तोलूनमापून होते. १८४५ च्या कायद्याने ठरवले, की यापुढे कुंपण घालताना गरिबांच्या तुकड्यांसाठी काही जमीन राखता येईल. पुढील पंचवीस वर्षांत सहा लाखांहून अधिक एकरांना कुंपण पडले. गरिबांसाठी राखली गेली ती दोन हजार एकरांच्या थोडी वर.

चांदण्यातली खणणी

एवढ्या अडचणींत हे तुकडे ओस पडले असतील, असे कोणालाही वाटेल. झाले उलटेच. फ्लोरा थॉम्पसन या लेखिकेने ऑक्सफर्डशरमधल्या आपल्या वाडीचे १८८० नंतरचे जीवन ‘लार्क राइज’ या पुस्तकात चितारले आहे. ते १९३९ साली प्रसिद्ध झाले. दिवसभर शेतात राबून आलेली माणसे चहा-भाकर होताच आपल्या तुकड्याकडे वळत. अर्ध्यात बटाटे, अर्ध्यात गहू किंवा सातू. वसंत ऋतूतल्या चांदण्या रात्री कुणा एकट्याचा खणण्याचा आवाज उशिरापर्यंत येत राही, आणि जाळलेल्या तणाचा धूर खिडक्यांतून घरात शिरे. दिवसभराच्या कष्टानंतर या माणसांना एवढा उत्साह कुठून येई, याचे लेखिकेलाही नवल वाटते.

तो कुठून येई? पहिले उत्तर अर्थातच पोट. पाव एकरातले बटाटे म्हणजे हिवाळ्याची बेगमी. ज्या घरी ते नसत त्या घरी मार्च महिना कठीण जाई. पण नुसत्या पोटाने सारा उलगडा होत नाही. नॉटिंगहॅममधल्या कामगारांचे उदाहरण घ्या. शहराजवळच्या टेकड्यांवर त्यांनी भाड्याने घेतलेल्या छोट्या बागा होत्या, आणि त्यांत ते चक्क गुलाब लावत. पुढे रॉचेस्टरचे डीन झालेले रेव्हरंड रेनॉल्ड्स होल यांना या कामगारांनी आपल्या गुलाबांचे प्रदर्शन पाहायला बोलावले. एप्रिलमध्ये गुलाब? ही थट्टा असावी असे त्यांना वाटले. जाऊन पाहतात तो एका साध्या खाणावळीत अप्रतिम गुलाब मांडलेले! थंडीच्या कडाक्यात झाडे जगवण्यासाठी या लोकांनी स्वतःच्या अंथरुणातली घोंगडी काढून काचघरांवर घातली होती, हे त्यांना तेथे समजले. १८६९ साली लिहिलेल्या आपल्या गुलाबांवरच्या पुस्तकाची सुरुवातच त्यांनी या हकीकतीने केली आहे. घोंगडे देणाऱ्याच्या घरात चूलही फार मोठी नसणार, हे सांगायला नकोच.

ईशान्येकडच्या कोळसाखाणींतल्या कामगारांचेही असेच. पहाटेची पाळी करून दुपारी वर आलेला माणूस कोळशाने काळा होऊन घरी येई, आणि अंग धुऊन तुकड्यावर जाई. कांद्याच्या कुळातले लीक नावाचे एक पीक तेथे इतक्या ईर्ष्येने वाढवत, की गावोगाव त्याच्या चढाओढी लागत. जमिनीखाली आठ तास काढलेल्या माणसाला उजेडात उभे राहून माती उकरण्याची तहान असावी, यात नवल कसले!

मात्र या साऱ्या कौतुकात एक माणूस झाकला जातो, आणि तो म्हणजे घरधनीण. कागदावर तुकडा नवऱ्याच्या नावाचा, खणण्याची कीर्ती त्याची. पण दिवसा तुकड्यावर जायला त्याला बंदी होती, तेव्हा खुरपणी, दगड वेचणे, पाखरे हाकणे हे पुष्कळसे बायकोमुलांकडेच येई. तिच्या फावल्या वेळेचे माप मात्र कोणत्याच कायद्याने काढले नाही.

मत आणि माती

जोसेफ आर्च हा वॉरिकशरचा कुंपणे छाटणारा मजूर. १८७२ साली वेल्सबर्न येथे चेस्टनटच्या झाडाखाली त्याचे भाषण झाले आणि शेतमजुरांची संघटना उभी राहिली. १८८४ साली खेड्यातल्या मजुराला मताचा हक्क मिळाला, आणि दोनच वर्षांत त्याचा परिणाम दिसला. जानेवारी १८८६ मध्ये जेसी कॉलिंग्ज यांनी मजुरांना जमीन देण्याच्या प्रश्नावर पार्लमेंटात दुरुस्ती मांडली. ‘तीन एकर आणि एक गाय’ ही त्या काळची घोषणा. मतदान झाले आणि लॉर्ड सॉल्झबरी यांचे मंत्रिमंडळ गडगडले. १८८७ साली पहिला खास कायदा आला. १९०८ च्या कायद्याने सहा मतदारांनी मागणी केली, की तुकड्यांची सोय करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. दयेची भीक होती तिचा हक्क झाला. १८७३ साली असे तुकडे सुमारे २ लाख ४४ हजार होते. पहिले महायुद्ध संपताना ते १५ लाखांवर गेले होते.

त्या युद्धाने जुने नियमही मोडले. जर्मन पाणबुड्यांनी धान्याची जहाजे बुडवायला सुरुवात केली, तेव्हा डिसेंबर १९१६ मध्ये सरकारने पडीक जागा ताब्यात घेऊन वाटण्याचा हुकूम काढला. बकिंगहॅम राजवाड्यासमोरच्या फुलझाडांच्या जागी बटाटे लागले. आणि जो रविवार शंभर वर्षे मजुराला बंद होता, त्या रविवारी शेतात काम करायला हरकत नाही, असे १९१७ साली खुद्द कँटरबरीच्या आर्चबिशपांनी जाहीर केले. गरिबाच्या भुकेने जे झाले नव्हते ते राष्ट्राच्या भुकेने झाले!

आणखी एक गंमत या काळातलीच. विल्यम विलेट नावाचे एक घरे बांधणारे गृहस्थ १९०७ पासून सांगत होते, की उन्हाळ्यात घड्याळे पुढे करा, म्हणजे संध्याकाळचा उजेड लोकांच्या उपयोगी पडेल. लोक हसले. विलेट १९१५ साली वारले, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तो कायदा झाला. कोळसा वाचवणे हा त्याचा मुख्य हेतू. पण कामावरून सुटलेल्या माणसाला त्याने तुकड्यावरचा एक तास उजेड मिळवून दिला. वेळ काही कोणाला निर्माण करता येत नाही, पण कायद्याने तो सकाळच्या खिशातून काढून संध्याकाळच्या खिशात घालता येतो. दुसऱ्या महायुद्धात तर १९४१ पासून उन्हाळ्यात घड्याळे दोन तास पुढे असत. कारखान्यात लांबलचक पाळ्या, रात्री बाँबच्या आगींवर पहारा, आणि मधल्या उजेडात कोबी-बटाटे, असा त्या पिढीचा दिनक्रम होता. रविवारी दुपारी सी. एच. मिडल्टन रेडिओवरून बागकामाच्या गोष्टी सांगत आणि देश ऐके. लंडनच्या जुन्या किल्ल्याच्या खंदकातही भाजी पिकली. तुकडे १४ लाखांवर गेले. आपल्याकडे १९४३ साली ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली, तीही याच युद्धाची.

वेळ असूनही

ज्यांना वेळच वेळ होता, त्यांचे काय झाले? १९२६ च्या कोळसा संपानंतर आणि पुढच्या मंदीत वेल्स आणि उत्तर इंग्लंडातले खाणकामगार वर्षानुवर्षे बेकार बसले. सकाळपासून रात्रीपर्यंत सारा दिवस त्यांचाच. पण बियाणाला पैसे नाहीत, कुदळ गहाण पडलेली, आणि मन मेलेले. रिकामा वेळ म्हणजे फुरसत नव्हे, हे तेथे दिसून आले. तेव्हा क्वेकर पंथाच्या लोकांनी स्वस्तात बियाणे, खत आणि अवजारे पुरवण्याची योजना सुरू केली, आणि पुढे सरकारनेही तिला हात दिला. फुकट न वाटता थोडे तरी मोल घ्यायचे, ही त्यातली मेख. आपण भीक घेतली नाही, आपल्या हाताने पिकवले, एवढे समाधान त्या माणसांना हवे होते.

याच्या उलट चित्र १९५० नंतरचे. कामाचे तास कमी झाले, शनिवार मोकळा झाला, पगार वाढले. म्हणजे वेळ आणि त्राण दोन्ही हाती आली. मग तुकडे वाढायला हवे होते. ते भराभर घटले. १९४८ साली ११ लाखांवर असलेले तुकडे १९७० साली सुमारे ५ लाख ३३ हजारांवर आले, आणि त्यांतलाही पाचवा हिस्सा ओसाड होता. मोटार आली, टेलिव्हिजन आला, दुकानात बारा महिने भाजी मिळू लागली. घरे बांधायला जमिनी हव्याच होत्या. ‘तुकडा’ म्हटले की गरिबी आणि युद्ध आठवे, तेही नको होते. प्राध्यापक हॅरी थॉर्प यांच्या समितीने १९६९ साली सुचवले, की या जागांना आता ‘फुरसतीच्या बागा’ म्हणा. नावाने फारसे साधले नाही. १९९७ पर्यंत तुकडे २ लाख ६५ हजारांच्या आसपास राहिले.

जर्मनीतही वेळेचाच एक खेळ झाला होता. लाइपझिग शहरात १८६५ साली डॉ. श्रेबर यांच्या स्मरणार्थ मुलांसाठी क्रीडांगण केले. एका शिक्षकाने त्याच्या कडेला मुलांसाठी वाफे आखले. मुले चार दिवसांत कंटाळली, तण माजले; मग आईबापांनीच ते वाफे हाती घेतले, त्यांना कुंपणे घातली, आणि त्यांतून जर्मनीतल्या ‘श्रेबर बागा’ उभ्या राहिल्या. मुलांना खेळ हवा होता. थकूनभागून आलेल्या मोठ्यांना मात्र ती माती सोडवेना.

इंग्लंडातही गेल्या काही दशकांत वारे पुन्हा फिरले. विषारी फवाऱ्यांविना वाढलेली भाजी हवी, उघड्या हवेत हात चालायला हवेत, असे लोकांना वाटू लागले. मार्च २०२० मध्ये साथीने सारा देश घरात बसला, तेव्हा तुकड्यावर जायला सरकारने मुभा ठेवली, आणि अर्जांची रीघ लागली. लेस्टरसारख्या शहरांत आपल्याकडून गेलेल्या कुटुंबांच्या तुकड्यांत मेथी आणि कोथिंबीर दिसते. पण जुनी अडचणही परत आली आहे. वसंतात हौसेने घेतलेला तुकडा जुलैत तणाने भरतो, आणि ‘वेळच होत नाही’ म्हणून तो परत केला जातो. म्हणून पुष्कळ नगरपालिका आता निम्माच, म्हणजे सव्वा गुंठ्याचा तुकडा देतात. एकोणिसाव्या शतकातल्या शेतकऱ्याने उरल्या ताकदीच्या मापाने जमीन मोजली होती. आता माणूस तीच मोजणी स्वतःवर स्वतः करतो आहे.

या दोनशे वर्षांच्या हकीकतीतून एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांना सर्वांत कमी वेळ होता, त्यांचे तुकडे उत्तम राहिले. ज्यांना वेळ मिळाला, त्यांनी ते सोडले. यावरून कष्टांची थोरवी गाणे बरोबर होणार नाही. भुकेने राबवलेल्या माणसाचे राबणे पाहून आपण खूश व्हावे, यात शोभा नाही. पण भूक भागूनही नॉटिंगहॅमचा कामगार गुलाबावर घोंगडे घालत होता, ते कशासाठी? दिवसाचे बारा तास दुसऱ्याच्या हुकमाने चालणारे हात त्या एका तासात त्याच्या स्वतःच्या हुकमाने चालत. काय लावावे, कुठे लावावे, केव्हा थांबावे, हे तेथे तोच ठरवी. त्या अडीच गुंठ्यांत तो मालक होता, जमिनीचा नसला तरी आपल्या संध्याकाळचा. शेतकऱ्यांना भीती वाटली होती ती नेमकी याची, आणि त्यांची भीती खोटी नव्हती.

जुने जाणते लोक नवशिक्याला सांगतात, की महिन्यातून एक सबंध रविवार घालवण्यापेक्षा रोज अर्धा तास ये. जमिनीला मोठ्या मेहनतीपेक्षा नेहमीच्या पावलांची ओढ असते, हे आपल्याकडच्या कोणत्याही माळ्याला पटेल. आपल्याकडे दिवाळीचे दिवे लागतात, त्या सुमारास तिकडे बटाटे निघून गेलेले असतात. दिवस लहान होतात, घड्याळे पुन्हा मागे येतात, आणि चार वाजताच अंधारू लागते. शहाणा माणूस त्याच दिवसांत जमीन खणून ठेवतो आणि लसणाच्या पाकळ्या एकेक करून मातीत खोचतो. त्या वर येतात पुढच्या वर्षी.